बांबूच्या बाणांना रॅप आणि रेडियम: जुलै ते मे

माझ्याकडचे सहा बांबूचे बाण जून २०२४ मध्ये पूर्ण होते. १४ जुलैच्या रविवारी त्यातले दोनच उरले. हरवलेला चौथा बाण शोधायला मी आणि लेक पाऊण तास वाकून गवत चाळत होतो. पाऊस थांबला होता आणि सव्वासात वाजले होते, म्हणजे मुंबईत जुलैत सूर्य मावळतो ती वेळ. मैदानावरचा एकमेव दिवा टार्गेटच्या मागे नाही, शूटिंग लाईनच्या बाजूला आहे. दुसऱ्या दिवशी माळीकाकांचा फोन आला. बाण सापडला होता, पण गवत कापायच्या मशीनखाली, दोन तुकड्यांत.

हे लिहायला बसले ते त्या संध्याकाळमुळे. बाणाच्या शेपटाला गुंडाळायचा रॅप, त्यावरचं डिझाइन आणि चमकणारी पट्टी यांवर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, पण ते जवळजवळ सगळं कार्बनच्या, यंत्रात बनलेल्या सरळसोट शाफ्टबद्दल, म्हणजे बाणाच्या दांडीबद्दल. बांबूवर, मुंबईच्या दमट हवेत आणि इथल्या बाजारात मिळणाऱ्या सामानात हे कसं करायचं, हे मला चुकत चुकत शिकावं लागलं. माझे चार महिने गेले. तुमचे जायला नकोत.

थोडी पार्श्वभूमी. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या, प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्यानंतर माझ्या लेकीने धनुर्विद्येचा ध्यास घेतला. ऑक्टोबरमध्ये तिला पूर्व उपनगरातल्या एका क्लबच्या शनिवार-रविवारच्या बॅचला घातलं. तिला सोडायला जाता जाता दोन महिन्यांत मीही शिकायला लागले, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. ती रिकर्व्हकडे, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याकडे, गेली. मला सरांच्या कोपऱ्यातलं जुनं बांबूचं धनुष्य आवडलं. नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळायची स्टॅबिलायझरची दांडी नाही, बाणही बांबूचे, मागे टर्कीची खरी पिसं. एक बाण मला ३५० रुपयांना पडला होता. पैसे जातात त्याचं वाईट वाटतंच, पण इतके महिने हाताळलेला बाण गवतात कुजतोय हे डोक्यातून जात नाही.

बाण हरवतो कसा, हे आधी सांगते. टार्गेट चुकलेला बाण सपाट कोनात जमिनीला लागला की रुतत नाही, गवताच्या मुळांशी आडवा सरपटत आत शिरतो. वरून काही दिसत नाही. बांबूचा रंग वाळक्या गवताचा, पिसं माझी तपकिरी. पावसाळ्यात ओली पिसं चपटी होऊन शाफ्टला चिकटतात, मग तर बाण म्हणजे एक काडीच. सरांनी सांगितलं, "शेपटाला काहीतरी भडक लावा. पूर्वी लोक रंगात बुडवायचे, आता रॅप लावतात."

रॅप म्हणजे पातळ व्हिनाईलचा स्टिकर. नॉकच्या, म्हणजे दोरी अडकते त्या मागच्या खाचेच्या, थोडा पुढून सुरू होतो, शाफ्टभोवती एक वेढा घेतो आणि त्याच्यावर पिसं चिकटवतात. काम तसं तीन प्रकारचं. बाण शोधता येतो, टार्गेटवर दहा बाणांत आपला ओळखता येतो, आणि पिसं बदलायची वेळ आली की खालचा शाफ्ट खरवडावा लागत नाही, रॅपसकट सगळं निघतं.

२० जुलैला मी परदेशातून तयार रॅपचं पाकीट मागवलं. बारा रॅप, टपालखर्च धरून १,९०० रुपये. ९ ऑगस्टला पत्र आलं, पार्सल विदेश डाक विभागात कस्टमसाठी थांबलंय. खरेदीचं बिल, ओळखपत्राची प्रत आणि वस्तू कशासाठी आहे याचं साध्या कागदावर निवेदन हवं होतं. मी अर्धा दिवस रजा टाकून सीएसएमटीहून चालत बॅलार्ड इस्टेटला गेले. निवेदनात मी आधी नुसतं 'ॲरो रॅप' लिहिलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सुचवलं की 'क्रीडासाहित्यासाठी प्लास्टिकचे स्टिकर, धारदार वस्तू नाही' असं स्पष्ट लिहा. लिहिलं. २४ ऑगस्टला पोस्टमन पार्सल घेऊन दारात आला आणि १,४४० रुपये ड्युटी घेऊन गेला. मागवणार असाल तर ड्युटी गृहीत धरूनच हिशोब करा, आणि बिलाची छापील प्रत आधीच काढून ठेवा.

पाकीट उघडलं तेव्हा आम्ही दोघी खूश होतो. मरून आणि सोनेरी, फार देखणे रॅप. पहिला लावायला घेतला आणि तो शाफ्टभोवती पुरलाच नाही. एका बाजूला दोन मिलिमीटर उघडा बांबू, दुसऱ्या टोकाला चार. रॅप २४ मिलिमीटर रुंद होते, साडेसात मिलिमीटर जाडीच्या कार्बन शाफ्टसाठी कापलेले. मी शाफ्ट मोजलाच नव्हता. ३,३४० रुपये आणि पाच आठवडे एका न घेतलेल्या मापापायी गेले. ते रॅप लेकीच्या क्लबमधल्या एका मुलाला दिले, त्याच्या बाणांना बरोबर बसले.

माप घ्यायची पद्धत इथेच सांगते. कागदाची पट्टी शाफ्टभोवती घट्ट गुंडाळा, जिथे कागद कागदावर येतो तिथे टोकदार पेन्सिलने खूण करा, उलगडून मोजा. त्यात दोन मिलिमीटर जोडावर चढायला मिळवा. कार्बनला हे एकदा करून भागतं. बांबूला दोनदा करावं लागतं, कारण बांबू निमुळता असतो. माझ्या बाणाचा घेर नॉकपाशी २६ मिलिमीटर आणि तिथून पंधरा सेंटिमीटर पुढे २८ होता. म्हणजे रॅप आयताकृती कापून चालत नाही. एका टोकाला २८, दुसऱ्या टोकाला ३०, असा किंचित पसरट कापावा लागतो. आयत गुंडाळला की जोड सरळ न राहता तिरपा फिरतो आणि पुढच्या टोकाला उघडा पडतो. हरवलेल्यांच्या जागी नवे आणून पुन्हा सहा केले होते, ते सहाही बाण वेगळे मोजले. त्यातल्या दोनांचं माप एक मिलिमीटरने वेगळं निघालं, म्हणून प्रत्येक बाणाला शाईने नंबर घातला.

आता सामान इथेच शोधायचं ठरवलं. एलबीएस रोडवर गाड्यांचं रेडियम काम करणारं एक दुकान आहे, नंबरप्लेट, रिक्षाच्या मागची नावं वगैरे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथे गेले तर आतबाहेर मंडळांचे बोर्ड पसरलेले. दुकानदारदादा म्हणाले, "ताई, बाप्पा गेल्यावर या. आता मला मान वर करायला वेळ नाही." त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. अनंत चतुर्दशी झाली १७ ला, मी १९ ला परत गेले.

रेडियम या शब्दाबद्दल एक गोष्ट मला त्यांच्याकडेच उलगडली. आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियम अजिबात नसतं. घड्याळाच्या काट्यांना पूर्वी खरं रेडियम घातलेला रंग लावायचे, तो अंधारात स्वतः चमकायचा, त्यावरून नाव उरलं. गाडीवरची पट्टी स्वतः चमकत नाही. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा चौकोनी जाळीसारखे दिसणारे छोटे प्रिझम असतात, आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत जातो. दुकानातून नमुना घरी आणून मी ट्यूबलाइटखाली धरला तर करडा आणि मळकट दिसला. दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च कमरेपाशी धरून पाहिलं, थोडासा उजळला. तोच टॉर्च कपाळाला टेकवला आणि पट्टी पेटल्यासारखी लख्ख झाली. प्रकाश दिव्याकडे परततो, म्हणून डोळा दिव्याच्या जवळ हवा. मैदानात बाण शोधताना हातातल्या टॉर्चपेक्षा डोक्याला बांधायचा टॉर्च कितीतरी चांगला, तो यासाठी.

२१ सप्टेंबरला पहिला प्रयोग. दादांनी ट्रकला लावतात ती पट्टी दिली. व्यावसायिक वाहनांना पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी अशी पट्टी नियमाने लावावी लागते, म्हणून ती कुठेही मिळते आणि स्वस्त असते. फार तेजस्वीही असते. पण ती सपाट पत्र्यासाठी बनवलेली, जाड आणि ताठ. नऊ मिलिमीटरच्या काठीभोवती ती रात्रभरही टिकली नाही. सकाळी जोड पूर्ण उघडून पट्टी परत सरळ झालेली. गम कितीही चांगला असला तरी एवढ्या छोट्या गोलाईवर ताठ पट्टी सतत उघडायचाच जोर करते. तुम्हीही आधी तीच घ्याल, कारण दुकानदार आधी तीच दाखवतो. नको. मणीवाली, पातळ, हाताने दुमडली तर कागदासारखी वाकणारी मागा. मला ती एक फूट लांब, दोन फूट रुंद १८० रुपयांना मिळाली आणि प्लॉटर मशीनवर कापून द्यायचे १०० रुपये.

२८ सप्टेंबरला मी दोन बाणांना अख्खे अठरा सेंटिमीटरचे चमकते रॅप लावले. पिसं चिकटवली. रात्री घराच्या पॅसेजमध्ये टॉर्च मारून बघताना इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवले.

दुसऱ्या दिवशी वीस मीटरवरून सोडले आणि दोन्ही बाण माझ्या नेहमीच्या जागेपासून चार बोटं डावीकडे गेले. पुन्हा सोडले, तसंच. शिवाय उडताना शेपूट हलताना दिसत होतं. मला वाटलं माझंच रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, बिघडलं. सरांनी बिनरॅपचा जुना बाण हातात दिला, तो जागेवर गेला. मग त्यांनी नवा बाण बोटावर आडवा तोलून दाखवला. तोल मागे सरकला होता.

घरी येऊन मी ४५० रुपयांचा छोटा काटा मागवला, सोनारासारखा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. माझा बाण सुमारे २८ ग्रॅमचा, नॉकपासून ७४ सेंटिमीटर लांब, आणि तोल नॉकपासून ४३ सेंटिमीटरवर. पूर्ण चमकता रॅप भरला १.१ ग्रॅम, म्हणजे बाणांच्या वजनाच्या मापात जवळजवळ १७ ग्रेन. ऐकायला काहीच नाही. पण ते सगळं वजन शेपटाशी असतं, त्यामुळे तोल सव्वा सेंटिमीटर मागे आला. धनुर्विद्येत टोकाकडे वजन वाढलं की बाण सुटताना जास्त वाकतो, शेपटाकडे वाढलं की उलट, तो ताठ वागतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो. माझ्या चार बोटांच्या फरकाचं कारण ते होतं. आणि तोल मागे आला की पिसांना बाण सरळ करायला जास्त कष्ट पडतात, ती शेपटाची वळवळ.

साधं पातळ व्हिनाईल त्याच मापाचं मोजलं तर अर्ध्याच्या आसपास वजन. मग उत्तर समोरच होतं. पंधरा सेंटिमीटरचा साधा रॅप, आणि चमकती पट्टी फक्त दोन सेंटिमीटरची, पिसांच्या पुढे एक कडं. दोन्ही मिळून ०.५७ ग्रॅम. तोल सहा-सात मिलिमीटरच हलला, आणि टोकाकडच्या पॉइंटमागे थोडं वजन वाढवून तो बराचसा जागेवर आणता आला.

डिझाइनवर मी सगळ्यात जास्त रमले, ते कबूल करते. आधी वारली चित्र हवं होतं, गेरूवर पांढऱ्या रेषेतला धनुष्यवाला माणूस. कागदावर काढून शाफ्टला गुंडाळलं तेव्हा लक्षात आलं की अठ्ठावीस मिलिमीटरच्या गोलाईवर एका वेळी जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. माणसाचं डोकं इकडे, धनुष्य मागे. वीस मीटरवरून तर काहीच नाही. गोल काठीवर दिसतात ते आडवे पट्टे, आणि सगळीकडून सारखी दिसणारी नक्षी. आपल्याकडे ती विद्या साड्यांच्या काठांत आहे. आजीच्या पैठणीचा नारळी काठ, ओळीने त्रिकोण, तो मी उतरवला. त्रिकोणांची संख्या घेरात पूर्ण बसेल अशी ठेवली, सात, म्हणजे जोडावर अर्धा त्रिकोण येत नाही.

रंग मात्र दोनदा बदलला. पहिले नमुने लाल होते. दुपारी हिरव्या गवतात लाल छान उठून दिसतो. पावणेसातला तेच त्रिकोण काळपट झाले, आणि शेजारचा पांढरा पट्टा अजून दिसत होता. संधिप्रकाशात डोळ्याला लाल रंग आधी मंद दिसायला लागतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नोंदवलं होतं. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही त्यांना तर दुपारीही लाल बाण गवतात सापडत नाही. आमच्या बॅचमधल्या एका काकांचं तसं होतं, आणि त्यांनी ते मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. मग रॅपची जमीन पांढरी, त्रिकोण भडक गुलाबी, पुढे चमकतं कडं. गुलाबी रंगाचं काहीही आमच्या मैदानावर उगवत नाही.

५ ऑक्टोबरच्या शनिवारी सहाही बाण एकदम करायला घेतले. बांबूला बारीक पॉलिश पेपर मारला, पेराचा उंचवटा हलका घासला, वॉर्निशचा एक पातळ हात दिला आणि रविवारी संध्याकाळी रॅप लावले. मंगळवारी चार बाणांवर फोड. वॉर्निश वरून कोरडं वाटत होतं, आत ओलं होतं. ऑक्टोबरची दमट हवा, त्यातून त्याचा वास-वाफ निघायला जागा नाही, ती रॅपखाली साठली. एका बाणाचं तर पीस ओढलं तर रॅपसकट हातात आलं. त्या रात्री मला रडू आलं. शनिवारी दसरा होता आणि आजीच्या काठाचे सहा बाण पूजेत ठेवायचे असं मनात होतं. १२ ऑक्टोबरला दोनच ठेवले, आपट्याच्या पानांशेजारी, बाकीचे चार उघडे बांबू.

ते चार मी आठवडाभर पंख्याखाली वाळवले आणि २० तारखेला पुन्हा केले. आता जी रीत बसली आहे ती अशी. वॉर्निशनंतर पावसाळी हवेत किमान सात दिवस, नाकाला वास येत नाही तोवर हात लावायचा नाही. मग स्पिरिटने पुसायचं आणि त्यानंतर त्या भागाला बोट लावायचं नाही. रॅप गमाची बाजू वर करून माउसपॅडवर ठेवायचा, कारण मऊ पृष्ठभागावर बाण दाबला की गम पूर्ण घेरावर लागतो. बाण त्याच्या कडेला समांतर टेकवायचा, खात्री करायची, आणि एकाच दमात पोळी लाटल्यासारखा पुढे फिरवायचा. उचलून परत लावायला गेलात की व्हिनाईल ताणलं जातं आणि नंतर आखडतं. पेर आलंच असेल तर तिथे हेअर ड्रायरने थोडी ऊब देऊन अंगठ्याने बसवायचं. शक्यतो रॅप अशा जागी ठेवा की पेर त्याच्या मधोमध येणार नाही. जोड दोन पिसांच्या मध्ये यायला हवा. पिसाचा दांडा जोडाच्या कंगोऱ्यावर बसला तर एका बाजूने सुटतो. पुढच्या कडेवर वॉर्निशची केसाएवढी रेघ द्यायची, कारण बाण सुटताना ती कड धनुष्याला घासून जाते आणि तिथूनच उचकटते.

पिसांचा गम आधी एका टाकाऊ रॅपवर लावून रात्रभर ठेवून पाहा. काही गमांनी व्हिनाईलला सुरकुत्या येतात.

आणि एक गोष्ट मी मोठ्या आवाजात सांगितली असती. रॅप लावायच्या आधी शाफ्ट तपासा. दोन्ही टोकं धरून चारी बाजूंनी हलकं वाकवा, कानाशी धरून पिळा, करकर आवाज आला तर तो बाण बाद. रॅपखाली गेलेली चीर दिसत नाही, आणि चिरलेला बांबू सुटताना फुटला तर तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. ज्यांच्या बाणांना बांबूतच कोरलेली खाच आहे, त्यांनी तिच्याखालचा दोऱ्याचा वेढा अजिबात काढू नये. तो वेढा खाच फाटू देत नाही. व्हिनाईलला ती ताकद नाही. रॅप वेढ्याच्या पुढून सुरू करा.

सहा बाणांचा शेवटचा खर्च, पिसं धरून, बाणामागे १६० रुपयांच्या आसपास आला. त्यात काटा आणि वाया गेलेलं सामान धरलेलं नाही.

डिसेंबरमध्ये मुंबईत सहालाच सूर्य मावळतो, त्यामुळे आमचं शेवटचं सत्र अंधारात संपतं. पहिल्याच आठवड्यात दोन बाण टार्गेटच्या मागे गेले. बाण आणायला जायच्या तीन शिट्ट्या झाल्या, सगळ्यांनी धनुष्यं खाली ठेवली. मी डोक्याला टॉर्च बांधून शूटिंग लाईनवरच उभी राहिले आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे वळवली. एक लगेच चमकला. दुसरा नाही, कारण तो शेपटापर्यंत गवतात शिरला होता आणि प्रकाशच पोचत नव्हता. रेडियमची ती मर्यादा आहे. अशा वेळी माळीकाकांनी शिकवलेलं कामी येतं: दाताळं बाण गेला त्या दिशेला आडवं ओढत यायचं. तिसऱ्या ओढीला गुलाबी त्रिकोण वर आले. काकाच म्हणाले, "तोही असा सापडला असता तर मशीन नसती घातली हो त्यावर." जुलैचा तो बाण त्यांच्याही मनात राहिला होता.

१२ जानेवारी २०२५ ला एक छोटी स्पर्धा होती, त्यात पारंपरिक गट. साहित्य तपासणीच्या टेबलाची मला रात्रभर धास्ती होती. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात शाफ्टची जाडी ९.३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. रॅपची जाडी त्यात धरत नाहीत, पण रॅप नॉकच्या खाचेपासून २२ सेंटिमीटरच्या आत संपायला हवा. एका फेरीत वापरायचे सगळे बाण पिसं, नॉक आणि पट्टे यांच्या रंगानक्षीत सारखे असावे लागतात आणि शाफ्टवर नाव किंवा आद्याक्षरं लागतात. पंचांनी मोजपट्टी लावली, कडं नखाने खरवडून पाहिलं आणि विचारलं, बॅटरी, दिवा असलं काही नाही ना? विजेवर चमकणारी नॉक चालत नाही. नाही म्हटलं. आद्याक्षरं मी रॅपवर लिहिली होती. त्यांनी ती पुढे बांबूवरही लिहायला सांगितली, रॅप निघाला तरी बाण कोणाचा ते कळावं म्हणून. पेन त्यांच्याकडेच होतं. तुम्ही तुमचं न्या. महाभारतातल्या नाव कोरलेल्या बाणांची आठवण मला तिथे रांगेत उभी असताना झाली आणि भीती जरा कमी झाली.

एक सावधगिरी, मुलुंडकरांसाठी खास. आमच्या घरामागे डोंगर आहे आणि रॅप लावलेले बाण मोकळ्या रानात सोडून बघायची हौस मलाही आली होती. पलीकडे राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही. नुसतं पाठीवर बांधून फिरायला जाणंही नको. तसंच पिसांचं. रानातल्या पक्ष्यांची पिसं गोळा करून लावू नका, पाळीव टर्कीची विकत मिळतात. लोकलमध्ये मी बाण टोपणाच्या नळीत, टोकं खाली करून नेते आणि क्लबचं ओळखपत्र बाहेरच्या कप्प्यात ठेवते.

मे महिन्यात चौथ्या नंबरच्या बाणाच्या रॅपची पुढची कड उचकटली. उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवले होते, तीही चूक, उष्णतेने गम ढिला होतो. हेअर ड्रायर दूरून फिरवत, कड धरून तिरपी ओढत रॅप सावकाश काढला. खाली दुसऱ्या पिसाच्या रेषेत चार सेंटिमीटरची चीर होती, केसाएवढी. ऑक्टोबरमध्ये मी तो वाकवून, पिळून पाहिला होता, तेव्हा ती नव्हती. कधी पडली कळलं नाही, आणि तो बाण मी आदल्या रविवारी तीस वेळा सोडला होता. तेव्हापासून दर रविवारी सुरुवातीला प्रत्येक बाण कानाशी धरून पिळते.

चौथा बाण मी गुडघ्यावर दोन तुकडे करून मोडला, कोणी चुकून भात्यात घालू नये म्हणून. पॉइंट काढून घेतला. सरांकडून नवा शाफ्ट आणला आहे, त्याचा घेर २७ आणि २९ भरला. वॉर्निश काल दिलं.